जुन्या क्रूझरचा सौदा आणि विश्वासाचा तुटवडा

दिनांक २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकी वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींवरील भार उपकरासह ३१ टक्के होता तो ४० टक्के झाला. या निर्णयाची जी चर्चा वृत्तपत्रांतून झाली ती मुख्यतः नव्या गाडीच्या किमतीपुरती होती. कारखानदारांचा खप किती वाढेल, सणासुदीची विक्री कशी होईल, सरकारचे उत्पन्न किती घटेल, याचे हिशेब मांडले गेले. परंतु शिक्षक, कारकून आणि नुकतेच नोकरीला लागलेले विद्यार्थी यांच्या घरी येणारी मोटारसायकल पुष्कळदा दालनातून येत नाही. ती दुसऱ्याच्या अंगणातून येते. त्या जुन्या गाड्यांच्या बाजाराविषयी गंभीरपणे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. वास्तविक अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला याहून उद्बोधक बाजार क्वचितच सापडेल. आणि ज्याला महिनाअखेरीची जुळवाजुळव करावी लागते अशा गृहस्थाला याहून धोक्याचा बाजारही क्वचितच सापडेल.

येथे उदाहरणासाठी क्रूझर जातीची मोटारसायकल घेतली आहे, त्याला कारण आहे. बसकी बैठक, रुंद हँडल, पुढे सोडलेले पाय आणि लांबट बांधा असलेली ही गाडी एकेकाळी केवळ परदेशी चित्रपटांतून दिसत असे. बजाजने कावासाकीच्या सहकार्याने २००१ साली 'एलिमिनेटर' आणली, २००५ साली तिच्याच वळणाची स्वस्त 'अ‍ॅव्हेंजर' काढली, आणि क्रूझर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे रॉयल एन्फील्डची 'थंडरबर्ड' आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या जागी आलेली 'मीटिऑर' यांनी ही हौस तालुक्याच्या गावापर्यंत नेली. नवी घेणे ज्यांना परवडत नाही असे हजारो तरुण आज चार-पाच वर्षांची जुनी क्रूझर शोधतात. हौस आणि ऐपत यांच्यातील अंतर जुना बाजार भरून काढतो, हे त्याचे सामाजिक कार्यच होय. प्रश्न इतकाच, की हे अंतर भरताना किंमत कोण मोजतो?

टंचाई होती तेव्हा

जुन्या वाहनाचा बाजार आपल्याला नवा नाही. परवाना-पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. बाकीच्यांनी रांगेत राहायचे. परिणामी नियंत्रित दराने मिळालेली स्कूटर दुसऱ्याच दिवशी विकायला काढली तरी मूळ किमतीपेक्षा अधिक पैसे येत. जुन्या वस्तूला नव्याहून जास्त भाव, हा चमत्कार टंचाईने घडवला होता. त्या काळी खरेदीदाराला गाडीच्या गुणदोषांची चिंता दुय्यम वाटे, कारण गाडी मिळणे हेच भाग्य होते.

आज गाड्यांची टंचाई नाही. ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याचे कारखाने निघाले, १९९१ नंतर परवान्यांचे जोखड गेले आणि दुचाकी हवी तेव्हा मिळू लागली. तरीही जुन्या बाजारात एक टंचाई शिल्लक राहिली, ती विश्वासाची. विकणाऱ्याला गाडीची कुंडली ठाऊक असते; घेणाऱ्याला केवळ रंग दिसतो. ही विषमता जितकी मोठी, तितका बाजार आजारी.

चांगली गाडी बाजारातून का जाते?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटासा निबंध लिहिला. अमेरिकी बोलीत दोषी मोटारीला 'लिंबू' म्हणतात. निबंधाच्या नावातच हे लिंबू होते. तीन नियतकालिकांनी तो नाकारला, चौथ्याने छापला, आणि २००१ साली अ‍ॅकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा युक्तिवाद आपल्या भाषेत असा मांडता येईल.

समजा, एका शहरात एकाच बनावटीच्या दहा जुन्या क्रूझर विक्रीस आहेत. पाच निकोप असून त्यांची खरी किंमत ८० हजार रुपये आहे. पाच खराब असून त्यांची खरी किंमत ४० हजार आहे. घेणाऱ्याला निकोप कोणती आणि खराब कोणती हे ओळखता येत नाही. मग तो शहाणपणाने मधला भाव, म्हणजे ६० हजार, देऊ करील. या भावाला खराब गाडीचा मालक आनंदाने तयार होईल. पण निकोप गाडीचा मालक म्हणेल, २० हजारांचे नुकसान सोसण्यापेक्षा गाडी घरीच राहू दे. चांगल्या गाड्या अशा रीतीने बाजारातून निघून जातात. घेणाऱ्यांना हे कळले की देऊ केलेला भावही ४० हजारांकडे घसरतो. अखेर बाजारात खराब मालच उरतो. येथे कोणी दरोडा घातलेला नसतो; प्रत्येकाने आपले हित पाहिलेले असते. तरी प्रामाणिक विक्रेता आणि गरजू ग्राहक हे दोघेच नाडले जातात.

क्रूझरच्या बाबतीत हा रोग अधिक तीव्र का असतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रोज कचेरीला नेण्याची साधी गाडी पाच वर्षांत भरपूर धावणार, हे सर्वांना ठाऊक असते. तिचे मीटर कमी आकडा दाखवू लागले तर शंका येते. क्रूझर मात्र रविवारची गाडी मानली जाते. 'हौसेने घेतली, फारशी वापरलीच नाही' हे वाक्य तिच्याबाबत खरेही असू शकते, आणि म्हणूनच खोटे बोलणाऱ्याला ते सोयीचे पडते. मागे फिरवलेले मीटर येथे सहज खपून जाते. शिवाय गाडी खरोखरच उभी राहिली असेल, तर तेही निव्वळ भूषण नव्हे. उभ्या गाडीची बॅटरी बसते, टाकी आतून गंजते, पुढच्या शॉकअब्सॉर्बरची सिले कडक होऊन तेल गळू लागते, टायरचे रबर तडकते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी टायर किती म्हातारा आहे हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट हौशी फेरफारांची. मूळ सायलेन्सर काढून कर्कश आवाजाचा बसवणे, हँडल बदलणे, रुंद टायर घालणे ही क्रूझर-मालकांची आवड आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. पहिल्या मालकाची हौस भागलेली असते. पोलिसांनी अडवल्यावर दंड भरण्याची पाळी दुसऱ्यावर येते.

तीन तारखा आणि एक हिशेब

अशा स्थितीत ग्राहकाने सर्वस्वी दैवावर हवाला ठेवावा असे नाही. काही माहिती अशी असते की विक्रेत्याला ती लपवता येत नाही. उत्पादनाची तारीख ही त्यांपैकी पहिली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील सर्व नव्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचे झाले, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच चाक अडकून गाडी घसरू नये, हे त्याचे काम. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची प्रदूषण-मानके लागू झाली आणि या वर्गातील गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. १ एप्रिल २०२३ पासून निघणाऱ्या नव्या गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तोंड देतील अशा साहित्याच्या असाव्यात असे ठरले. त्यापूर्वीच्या गाडीचे रबरी भाग या इंधनासाठी घडवलेले असतीलच असे नाही, आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाची मजल गाठलेली आहे. या तीन तारखांच्या अलीकडची गाडी आणि पलीकडची गाडी यांत चार-पाच हजारांचा फरक असेल, तर अलीकडची घेणे स्वस्त. वजनदार क्रूझर प्रथमच चालवणाऱ्या तरुणाने निदान पहिली तारीख तरी विसरू नये. तेथे प्रश्न पैशांचा उरत नाही.

दुसरी माहिती म्हणजे त्याच गाडीची आजची नवी किंमत. विक्रेता नेहमी आपण किती दिले ते सांगतो. त्याने काय दिले याच्याशी आपला संबंध नाही. आज नवी गाडी काय भावाने मिळते याच्याशी आहे. विमा व्यवसायात वाहनाची घोषित किंमत ठरवताना उत्पादकाच्या चालू विक्री-किमतीतून वयोमानानुसार घसारा वजा करतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीला हा घसारा ५० टक्के आहे. कराशिवाय एक लाख किंमत असलेली ३५० सी.सी.च्या आतील गाडी पूर्वी १ लाख २८ हजारांना पडे, आता १ लाख १८ हजारांना पडते. म्हणजे पाच वर्षांच्या गाडीचा या मापाने येणारा भाव ६४ हजारांवरून ५९ हजारांवर उतरला. हे पाच हजार सरकारने ग्राहकाला दिले आहेत. ते मागून घेण्याचा त्याला हक्क आहे. उलट ३५० सी.सी.वरील नवी गाडी करामुळे महागली, तेव्हा तिचा जुना मालक चढा भाव मागणार हे उघड आहे.

तिसरा हिशेब कर्जाचा. जुन्या गाडीसाठी कर्ज देणारे दलाल 'सरळ १२ टक्के' असा दर सांगतात. साठ हजार रुपये दोन वर्षांसाठी घेतले, तर १४ हजार ४०० रुपये व्याज धरून महिना ३,१०० रुपयांचा हप्ता येतो. परंतु मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवर आकारलेले असते. घटत्या शिल्लक रकमेवर मोजले तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. पतपेढीचे वा भविष्य निर्वाह निधीचे कर्ज ज्यांना मिळू शकते त्यांनी या '१२'ला भुलू नये. पेट्रोलचेही तेच. महिना ९०० किलोमीटर प्रवास करणाऱ्याला लिटरला ३५ किलोमीटर देणारी क्रूझर आणि ६० देणारी साधी गाडी यांत सुमारे १०.७ लिटरचा फरक पडतो. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला जवळजवळ १३ हजार. हौसेला मोल असते हे कबूल. पण ते किती, हे आधी ठाऊक असावे.

चावी आधी की नाव आधी?

इतके सगळे पाहूनही सौदा बुडू शकतो, आणि बुडतो तो बहुधा कागदावर. आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून ५५ हजारांना क्रूझर घेतली. गाडी उत्तम होती. विक्रेत्याने मूळ मालकाच्या सह्या असलेले, बाकी कोरे असे नमुना २९ आणि ३० हाती दिले आणि 'नाव केव्हाही लावा' म्हणून सांगितले. तीन महिन्यांनी तो परिवहन कार्यालयात गेला तेव्हा नोंदीवर एका वित्तसंस्थेचा बोजा तसाच असल्याचे निघाले. कर्ज फिटले होते की नाही, हे सांगणारा मूळ मालक गाव सोडून गेला होता. वित्तसंस्थेच्या संमतीवाचून कलम ५१ प्रमाणे हस्तांतर होत नाही. अकरा महिने ती गाडी दारात झाकून ठेवलेली होती. ज्याला वर्षातले काही महिने मानधनच नसते, त्याच्या दृष्टीने ५५ हजार रुपये ही काय रक्कम आहे, हे शिक्षकवर्गाला सांगावे लागू नये.

कोऱ्या सह्यांची ही प्रथा आपल्याकडे इतकी रुळली आहे की तीत कोणाला काही गैर वाटत नाही. घेणारा हस्तांतराचा खर्च पुढे ढकलतो. मधला विक्रेता आपले नाव नोंदीवर येऊच देत नाही. विकणारा पैसे मोजून मोकळा होतो. पण तो मोकळा होतो काय? कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निकालातील मोटार अनेक हातांतून गेली होती. अपघात झाला तेव्हा ती चालवणाऱ्याचा मूळ मालकाशी काही संबंध उरला नव्हता. तरीही नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईच्या दृष्टीने मालक तोच, असे न्यायालयाने ठरवले. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने विक्रीच्या साखळीचा शोध घेत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही, ही त्यामागची दृष्टी योग्यच होती. यास्तव निवृत्तीनंतर जुनी गाडी विकून टाकणाऱ्या गृहस्थाने कोऱ्या कागदावर सही करणे म्हणजे आपल्या निवृत्तिवेतनावर दुसऱ्याच्या बेपर्वाईचा बोजा चढवणे होय.

विम्याचीही अशीच गत आहे. कलम १५७ अन्वये विमा हस्तांतरासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. त्रयस्थाच्या हानीचे संरक्षण गाडीबरोबर जाते असे मानले जात असले, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे जात नाही; आणि दावा न केल्याबद्दलची सवलत ही जुन्या मालकाची, गाडीची नव्हे.

शासनाने काय करावे?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकृत परवानगी घेण्याची तरतूद झाली. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या स्वाधीन केल्याचे नोंदणी अधिकाऱ्याला कळवले की तोच तिचा मानीव मालक ठरतो आणि जबाबदारीही त्याची होते. हे पाऊल अचूक दिशेने टाकलेले आहे. परंतु रस्त्याकडेला दहा-वीस मोटारसायकली मांडून बसलेल्या किती विक्रेत्यांच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र दिसते? ग्राहकाने ते मागितले पाहिजे आणि परिवहन खात्याने ते तपासले पाहिजे. नाही तर नियम राजपत्रातच राहील.

दुसरी सूचना मीटरच्या नोंदीची. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील मोटार आणि मोटारसायकल यांची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, आणि त्या वेळी मीटरचा आकडा टिपला जातो. नुसता नोंदणी क्रमांक देऊन हा इतिहास कोणालाही विनामूल्य पाहता येतो. आपल्याकडे प्रदूषण-तपासणी ठरावीक मुदतीने होतेच. त्या वेळी मीटरचे छायाचित्र घेऊन आकडा केंद्रीय 'वाहन' नोंदीत चढवणे अवघड नाही. मीटर मागे फिरवण्याचा धंदा बसवण्यासाठी छाप्यांची गरज नाही, दोन खोटे आकडे शेजारी-शेजारी दिसले की पुरे. अ‍ॅकरलॉफ यांच्या उदाहरणात घेणाऱ्याला जे दिसत नव्हते ते असे दिसू लागले, तर निकोप गाडीच्या मालकाला ८० हजार मागण्याचे बळ येईल आणि त्याची गाडी बाजारात परत येईल.

नियम वाढले की दलाल वाढतात, असा आक्षेप यावर घेतला जाईल. अनुभव पाहता तो निराधार नाही. तथापि येथे नवा कागद कोणीच मागत नाही. हस्तांतराचा अर्ज आता 'परिवहन' संकेतस्थळावर भरता येतो. बोजा, विमा आणि थकलेले दंड यांची माहिती भ्रमणध्वनीवर मिळते. बदलावयाचा आहे तो केवळ क्रम. आज आधी पैसे, मग चावी आणि जमलेच तर नाव, असा क्रम आहे. तो इसार, बोजा उतरवल्याचा दाखला, हस्तांतराचा अर्ज, आणि मग उरलेली रक्कम व चावी, असा व्हावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. दोन्ही पक्षांनी एक दिवसाची रजा काढली तरी पुरते.

जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. ती जपून वापरणे आणि योग्य भावाने दुसऱ्याच्या हाती सोपवणे हा काटकसरीचा संस्कार आपल्या मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. पाठ्यपुस्तकांपासून सायकलीपर्यंत सर्व काही थोरल्याकडून धाकट्याकडे गेले. तेथे लबाडी होत नसे, कारण देणारा आणि घेणारा एकाच घरात राहत. आज देणारा कोण हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. घरातल्या विश्वासाची जागा आता नोंदीने घ्यायची आहे. ती नोंद चोख ठेवणे हे सरकारचे काम, आणि ती पाहिल्यावाचून पैसे न मोजणे हे आपले.